वीज आली की

१

बुर्ज हम्मूदच्या वस्तीत वीज कानाने कळते. खोलीत दिवा लागलाय का हे बघायला डोळे लागतात, पण वीज आहे का हे फ्रिजच्या गुरगुरीवरून ठरतं, खालच्या गल्लीतल्या जनरेटरच्या घरघरीवरून ठरतं, आणि जिन्यात शेजारची ओवसान्ना मावशी काय ओरडते त्यावरून ठरतं. सरकारी वीज गेली की घर एकदम मुकं होतं. मग खाली बेद्रोसचा जनरेटर खोकतो आणि चारही मजल्यांवरचे लोक हातातलं काम सोडून मनात आकडे मोजतात. नवव्या आकड्याला वीज आली तर बेद्रोस शुद्धीवर आहे. वीसच्या पुढे गेलं तर त्याचा बाप काढायचा.

मिसाक जन्मापासून हे आकडे मोजत होता. शाळेत गणित शिकवायचा म्हणून नव्हे, सगळेच मोजतात म्हणून. वय अडतीस, लग्न राहून गेलेलं, आणि चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत तो आणि त्याचे वडील.

वडील म्हणजे ओनिक उस्ताद. याच इमारतीच्या तळमजल्यावर पन्नास वर्षं त्यांनी बायकांचे बूट बनवले आणि पन्नास वर्षं सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा वास छातीत ओढला. आता फुप्फुसांनी हात वर केले होते. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आणि त्याच्या मागे भिंतीला टेकवलेला सिलिंडर. वीज गेली की मिसाकने धावत यायचं, यंत्राची नळी सोडवून सिलिंडरला लावायची आणि चावी फिरवायची. वीज आली की उलटं. सकाळी तो शाळेत असताना हे काम ओवसान्ना मावशी करायची आणि वर दोन तास ऐकवायची.

यंत्राला एक भोंगाही होता. वीज गेली की तो किंचाळायचा, म्हणजे दिवसातून सहा वेळा किंचाळायचा. तिसऱ्या आठवड्यात मिसाकने त्याची चौकोनी बॅटरी काढून खिशात घातली. गल्लीत ज्यांच्या ज्यांच्या घरी असं यंत्र होतं, त्या सगळ्यांनी हेच केलं होतं. कान होते की.

२

बेद्रोसकडून घरात पाच अँपिअर यायचे. त्यात यंत्र आणि फ्रिज चालायचे, पण मिसाकने त्याचा मोठा, पेटीएवढा कॉम्प्युटर लावला की खाली जिन्यातला स्विच पडायचा. मग चार मजले उतरा, स्विच वर करा, चार मजले चढा. एकदा असाच वर आला तेव्हा वडिलांचे ओठ निळे पडले होते. त्याच आठवड्यात त्याने मोठा कॉम्प्युटर विकला आणि दोन हातांत धरून खेळायचा छोटा घेतला. बॅटरीवर चालणारा, वीज फारशी न मागणारा.

गेम खेळणं हा त्याचा एकच शौक होता, आणि तोही काय, तर ट्रक चालवणं. लांबच लांब रस्ते, बर्फ, पाइनची झाडं, पाठीमागे वीस टन लाकूड. शाळा सोडली तर वडिलांमुळे त्याला गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा फारसं जाता येत नव्हतं. ट्रकमधून तो रोज सहाशे किलोमीटर जायचा.

पण सगळं घोडं जागेवर अडलं. छोट्या कॉम्प्युटरच्या पोटात ते सगळे रस्ते मावेनात. मोठ्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क त्याने विकताना काढून ठेवली होती; विटेसारखी जड, काळी, सगळे रस्ते पोटात घेऊन बसलेली. ती जोडायला गेला तर ती हलेचना. तिला बारा व्होल्ट हवेत, छोट्याच्या केबलमधून मिळतात पाच. म्हणून वेगळा अडॅप्टर. छोट्याला भोक एकच, त्यात चार्जर लावा नाहीतर डिस्क. म्हणून मग दोन्ही लावता येतील असा हब. हब आणला तर त्याचं निराळंच नाटक. चार्जरची पिन त्यात घातली किंवा काढली की डिस्कचा संपर्क क्षणभर तुटायचा, आणि त्या क्षणात ट्रक, रस्ता, बर्फ, सगळं गोठून बंद.

"मास्तर, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला हा," दुरुस्तीवाला होवसेप म्हणाला. मिसाकचा तो शाळेपासूनचा मित्र. "खिशात मावावा म्हणून कॉम्प्युटर घेतलास आणि त्याच्या शेपटीला वीट बांधलीस."

"तू हब दुसरा दे."

"दुसरा दिला तरी हेच करेल. हे सगळे एकाच आईचे. तू आधी चार्जर लाव, मग डिस्क लाव आणि मग मुळीच हलू नकोस. श्वाससुद्धा बेताने घे."

डिस्क टेबलावर ठेवली की टेबल थरथरायचं. शेवटी मिसाकने खालच्या बंद दुकानातून वडिलांचे दोन लाकडी साचे आणले, बूट ज्यांच्यावर चढवतात ते, छत्तीस नंबरचे. खाली जाड नमदा, त्यावर साच्यांची जोडी आणि दोन्हींच्या मध्ये डिस्क. थरथर थांबली. ओनिक उस्तादांनी एकदा भिंतीला धरत येऊन ते पाहिलं आणि नाकातली नळी सारखी करत म्हणाले, "पन्नास वर्षांत या साच्यांवर इतका कुरूप जोडा चढला नव्हता."

३

पहिल्यांदा झालं ते एका मंगळवारी दुपारी. दोन ते चार बेद्रोस जनरेटरला विश्रांती देतो. दोनला घर मुकं झालं, मिसाक उठला, वडिलांची नळी सिलिंडरला लावली, चावी फिरवली, परत आपल्या खोलीत आला. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू असणार आणि डिस्क मेलेली असणार हे त्याला ठाऊक होतं. गेम अडकला असणार, पुन्हा सगळ्या फायली तपासत बसावं लागणार. तो मनातल्या मनात बेद्रोसच्या घराण्याचा उद्धार करतच बसला.

ट्रक चालू होता. रस्ता पुढून येत होता. पाइनची झाडं, मैलाचा दगड, पूल.

वीज आली वाटतं, त्याच्या मनात आलं. डिस्कची घूं ऐकू येत होती ना. तो पुन्हा उठून वडिलांच्या खोलीत गेला, तर यंत्र गप्प. फ्रिज गप्प. जनरेटर गप्प. सगळ्या घरात आवाज करणारी वस्तू एकच, आणि ती दोन साच्यांच्या मध्ये बसून फिरत होती.

त्याने तिच्यावर बोटं ठेवली. आत थरथर होती. आणि घूंच्या पोटात दुसरा एक आवाज होता, हलका, कोरडा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

अडॅप्टरमध्ये थोडी वीज साठलेली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. गणिताचा माणूस, हिशेबाने जायचा. दोन सेकंद साठेल, पाच साठेल. तो घड्याळ लावून बसला. चाळीस मिनिटं झाल्यावर त्याने घड्याळ पालथं ठेवलं. त्याला भीती वाटली नाही, संताप आला. आधीच एवढे ताप, त्यात हा एक.

बरोबर चारला खाली जनरेटर खोकला, नवव्या आकड्याला वीज आली. त्याच क्षणी डिस्क खट् करून थांबली. मग मुकाट्याने पहिल्यापासून फिरू लागली, जशी सगळ्या डिस्का फिरतात तशी. ट्रक गोठला. आणि पलीकडच्या खोलीत वडिलांना जोराचा ठसका लागला.

४

आठवडाभर त्याने तिचा पिच्छा पुरवला. दोन वाजले की तो वडिलांची नळी बदलायचा आणि मग डिस्कसमोर येऊन बसायचा. भिंतीतून अडॅप्टर उपटला, तरी ती फिरत राहिली. तिच्या पाठीतली बारा व्होल्टची पिन काढली. तरी फिरत राहिली. मग हबमधून तिची केबल काढली आणि ती एका हुंदक्यात थांबली. केबल परत लावली तर काही नाही, वीट. वीज येईपर्यंत वीटच. त्या वेळी पलीकडे वडील झोपेत काहीतरी पुटपुटले होते, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

म्हणजे छोट्या कॉम्प्युटरशी नातं असेपर्यंत ती फिरते. म्हणजे केबलमधून वीज ओढत असणार. पण त्या केबलमध्ये पाचच व्होल्ट, आणि पाचावर ही कधी जागची हलली नव्हती.

तो सगळी वरात घेऊन होवसेपच्या दुकानात गेला. दोन्ही साचेसुद्धा नेले. होवसेपने डिस्क लावली, फिरली. अडॅप्टर काढला, थांबली. पुन्हा लावला, फिरली, काढला, थांबली. दहा वेळा.

"घरी थांबत नाही," मिसाक म्हणाला.

"घरी माझी बायकोपण थांबत नाही. मास्तर, एक विचारू? झोप किती घेतोस?"

"झोपेचा काय संबंध?"

"रात्री बापासाठी तीनदा उठतोस, सकाळी पोरांना अपूर्णांक शिकवतोस. तुझ्या जागी मी असतो तर मला इस्त्री बोलताना ऐकू आली असती." त्याने साचे कागदात गुंडाळून परत दिले. "तालीन कधी येतेय?"

तालीन म्हणजे मिसाकची धाकटी बहीण. मॉन्ट्रियलला दात साफ करायच्या दवाखान्यात काम करायची, सहा वर्षांत आली नव्हती. आता तिकीट काढलं होतं. डॉक्टरांनी वडिलांना महिन्याची मुदत दिली होती त्याला सात आठवडे झाले होते, आणि म्हातारा का थांबलाय हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोणी तब्येत विचारली की उस्ताद म्हणायचे, "तालीन येऊ दे, मग बघू."

"शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी," मिसाक म्हणाला. "सकाळी आठला उतरते."

"मग तेवढे दिवस ट्रक उभा कर की. जळली मेली डिस्क."

हे बरोबर होतं आणि म्हणूनच मिसाकला राग आला. दिवसातला तो दीड तास सोडला तर त्याच्याकडे स्वतःचं असं काय होतं?

५

"कोण ठोकतंय?" वडिलांनी विचारलं. दुपारचे अडीच झाले होते, नळी सिलिंडरवर होती.

"कोणी नाही, बाबा."

"तुझ्या खोलीत. बारीक खिळे ठोकतंय कोणीतरी." उस्तादांनी डोळे मिटून ऐकलं. "नवशिक्या आहे. एकेक टोला मारतोय. दोन हलके आणि एक जोराचा, असं मारायचं असतं. दोन हलक्याने खिळा उभा राहतो, तिसऱ्याने बसतो. सांग त्याला."

"ती डिस्क आहे, बाबा. माझ्या कॉम्प्युटरची."

"डिस्क बिस्क मला शिकवू नकोस. मी हातोडी ओळखतो." मग श्वास पुरेना म्हणून ते थांबले. मिसाक वाट बघत उभा राहिला. भिंतीपलीकडे टक् झालं आणि त्याच वेळी वडिलांची छाती वर आली. मग खाली गेली. बराच वेळ तशीच राहिली. टक्. पुन्हा वर आली.

योगायोग, मिसाकने मनात म्हटलं. दोन घड्याळं शेजारी ठेवली की कधी ना कधी सोबत वाजतातच. त्याने पंधरा मोजले. पंधराच्या पंधरा सोबत. सोळावा त्याने मोजलाच नाही.

चारला वीज आली. डिस्क खट् करून थांबली, उस्ताद ठसक्याने दुमडले, आणि मिसाकने त्यांची पाठ चोळत नळी यंत्राला लावली. रोज हे असंच व्हायचं. दोन तास सिलिंडरची कोरडी हवा ओढली की ठसका लागतो, असं ओवसान्ना मावशीचं मत होतं, आणि ते मत चांगलं होतं, पटण्यासारखं होतं.

"आपल्या घरात कोणाला कामाला ठेवलंस, तर पैसे नीट ठरव," ठसका थांबल्यावर वडील म्हणाले. "असे लोक नंतर त्रास देतात."

त्या रात्री त्याने डिस्कची केबल काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला वडील इतके घाबरेघुबरे झाले की सिलिंडरची चावी पूर्ण उघडूनही भागेना. चारपर्यंत त्याच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशी त्याने केबल परत लावली. का लावली हे त्याने स्वतःला विचारलं नाही. ट्रकसाठी, असं म्हणायला जागा होती.

६

आणि मग डिस्क शहाण्यासारखी वागू लागली. वीज गेली की थांबे, आली की फिरे. फायली बिघडत, गेम अडके, मिसाक कपाळावर हात मारून घेई. सगळं जसं असायला हवं तसं वैतागवाणं. चार-पाच दिवस हे चाललं. होवसेपचं खरं होतं, झोपच झाली नव्हती. त्याने शाळेतल्या एका बाईंना ती गोष्ट विनोद म्हणून सांगितली आणि त्या हसल्या.

बुधवारी शाळेला सुट्टी होती. तालीनचं विमान परवावर आलं होतं. सकाळी उस्तादांनी अर्धी वाटी सूप घेतलं, दाढी करून मागितली आणि म्हणाले, "दार लावून घे तुझं. तुझा माणूस फार ठोकतो."

"आज कोणी नाही बाबा, वीज आहे."

"लावून घे."

त्याने आपलं दार लावलं. अकराला बसला. चार्जर बाजूलाच होता, पण बॅटरी भरलेली होती, म्हणून लावला नाही. ट्रकमध्ये लाकूड भरलं, घाट उतरला. बाहेर स्वच्छ ऊन, खोलीत दिव्याची गरज नाही. कानाच्या एका कोपऱ्यात डिस्कची घूं होती, आणि ती होती म्हणजे वीज होती, म्हणजे यंत्र चालू होतं, म्हणजे वडील ठीक होते. एवढा हिशेब बुर्ज हम्मूदच्या माणसाला करावा लागत नाही. कान परस्पर करून टाकतात.

मधेच टिक्टिक् ऐकू आलं. वळणाचा दिवा बंद करायचा राहिला असेल म्हणून त्याने बटण दाबलं. टिक्टिक् चालूच राहिलं. दोन हलके, एक जोराचा. गेमचं काहीतरी बिघडलंय, तो पुटपुटला आणि चिडून वेग वाढवला.

बाराला दहा कमी असताना त्याला तहान लागली. दार उघडून तो बाहेर आला आणि पाच पावलं गेल्यावर त्याला कळलं की घर मुकं आहे.

फ्रिज गप्प. गल्ली गप्प. स्वयंपाकघरात फ्रिजखालून पाण्याचा ओघळ आला होता, बर्फ वितळल्याचा. इतका ओघळ यायला पाऊण तास तरी लागतो.

७

वडील पाठीवर होते, दाढी केलेले, पांघरूण छातीपर्यंत. नाकातली नळी यंत्राला, यंत्र मेलेलं. मिसाकने नळी उपटून सिलिंडरला लावली, चावी फिरवली, सूं आवाज आला. त्याने त्यांचा डावा हात धरला. हात दुकानातल्या लोखंडी ऐरणीसारखा गार होता. त्याने नाडी शोधली. ती सापडली नाही. पण त्याला नाडी कधीच सापडायची नाही, तो काही डॉक्टर नव्हता. नाकाशी तळवा धरला. काहीतरी लागल्यासारखं वाटलं. सिलिंडरचीच हवा असेल, नसेल.

मग उघड्या दारातून ते ऐकू आलं. टक् टक्, टक्.

वडिलांची छाती वर आली.

आणि पांघरुणावरचा उजवा हात, अंगठा आणि दोन बोटं कशाभोवती तरी मिटलेली, पेराएवढा उचलला गेला आणि खाली आला. दोनदा हळू. एकदा जोरात.

"बाबा," मिसाक म्हणाला. डोळे अर्धवट उघडे होते आणि खिडकीकडे बघत होते. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

तो किती वेळ उभा होता कोण जाणे. मग खाली गल्लीत जनरेटर खोकला.

एक. इतकी वर्षं या खोकल्यासाठी त्याने शिव्या दिल्या होत्या, नवस केले होते. दोन. वीज आली की डिस्क खट् करून थांबते. तीन. ती थांबली की ठसका लागतो. आज ठसका लागायला आत कोण होतं? चार. तो पळत होता. पाच. मेन स्विच दारामागे, मावशीने दिलेल्या कॅलेंडरच्या पाठीमागे. सहा. कॅलेंडर निघेना, त्याने ते फाडलं. सात. त्याने स्विच खाली ओढला.

नवाला जिन्यात ओवसान्ना मावशीचा आवाज घुमला, "आली!" शेजारचा रेडिओ बोलू लागला, वरच्या टाकीचा पंप सुरू झाला. मिसाकच्या घरात काहीच सुरू झालं नाही. तो भिंतीला कपाळ लावून उभा राहिला आणि ऐकत राहिला. टक् टक्, टक्.

थोड्या वेळाने मावशीने दार वाजवलं. ऐंशीची, हातात झाकलेली ताटली.

"तुझ्याकडे का नाही आली रे?"

"फ्यूज गेलाय, मावशी."

"मेला तो बेद्रोस. सव्वा तास लावला आज. वायर देऊ का ओढून माझ्याकडून? उस्तादांचं यंत्र?"

"सिलिंडरवर आहेत. झोपलेत."

"खिमा भरलेली मांती आणलीत त्यांना. चार खाल्ली तरी बस." तिने मान वाकडी करून आत कान दिला आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "झोपलेत म्हणे. जुनं काम काढलंय वाटतं म्हाताऱ्याने. काढू दे, काढू दे. पोरीसाठी जोडा करत असेल."

तिने आपल्या घरातून लांब वायर ओढून दाराच्या फटीतून आत सरकवली आणि गेली. मिसाकने त्या वायरीला चार्जर लावला. एवढं तर करायलाच हवं होतं, कारण कॉम्प्युटरची बॅटरी एकतीस टक्क्यांवर आली होती. पडदा त्याने होता होईल तेवढा मंद केला. ट्रक बर्फात रस्त्याच्या कडेला उभा केला. चार्जरची पिन हातात घेऊन हबपर्यंत नेली आणि तिथेच त्याचा हात थांबला.

पिन आत गेली की डिस्कचा संपर्क क्षणभर तुटतो. क्षणभरच. आणि वीज नसताना एकदा थांबली की ती वीट असते.

बुधवार दुपार. शुक्रवार सकाळी आठ. बॅटरी एकतीस टक्के, ताशी साधारण बारा. शाळेतल्या तिसरीच्या पोरानेही हे गणित सोडवलं असतं. मिसाकने ते चार वेळा सोडवलं, चारही वेळा उत्तर आजच्या दुपारचंच आलं, आणि त्याला रडू फुटलं, ते दुःखाचं कमी आणि वैतागाचं जास्त होतं. सगळ्या आयुष्यात त्याला एकच गोष्ट नीट चालायला हवी होती. दोन दिवस. फक्त दोन दिवस.

तीन वाजता फोन वाजला. तालीन. तिच्याकडे सकाळ होती.

"बॅग भरली," ती म्हणाली. "बाबांसाठी मऊ स्वेटर घेतलाय, निळा. चालेल ना? जरा दे त्यांना."

"तालीन, ते..." तो डिस्कजवळ जमिनीवर बसला होता, एका हातात चार्जरची पिन, दुसऱ्यात फोन. साच्यांच्या मध्ये आवाज आता सफाईने येत होता, घाई नाही, चूक नाही.

पलीकडे तालीनने कान दिला. मग हसली, रडल्यासारखं.

"अरे, बसलेत की ते कामाला. दोन हलके, एक जोराचा. मी पलंगावर पडल्या पडल्या खालून ऐकायचे रोज." तिने नाक पुसल्याचा आवाज आला. "बोलवू नकोस त्यांना. काम करताना बोलवलेलं आवडत नाही त्यांना. फोन तिथेच धर जरा. ऐकू दे."

मिसाकने फोन साच्यांजवळ धरला. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे सहाचे पाच टक्के झाले.